बेसिनवरचा कान तुटलेला कप

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा. समजा, तुम्ही एका लहानशा घरात बेसिनसमोर उभे आहात. वर आरसा, खाली ठिबकणारा नळ आणि फळीवर साबणाशेजारी अंग चोरून बसलेला मी. दिसलो का?

मी एक जुना, चिनी मातीचा कप आहे. ओल्या मातीचा गोळा होतो, भट्टीत तापून निघालो, अंगावर पांढरी झिलई चढली. या घरात आलो तेव्हा पाहुण्यांसाठीच मला कपाटातून काढत. "किती सुबक आहे!" हे ऐकून मी फुगून जाई. मग एकदा धुताना निसटलो आणि माझा कान तुटला. तसला कप पाहुण्यांपुढे कोण ठेवणार? माझी बदली बेसिनवर झाली, आजोबांच्या गुळण्यांसाठी. पाहुणे हात धुवायला आले की मला मेल्याहून मेल्यासारखं होई.

आजोबा शिंपी होते. दुसऱ्यांच्या कपड्यांना इस्त्री करता करता त्यांच्या स्वभावालाही कडक घडी पडली होती. डाग त्यांना खपत नसे. त्यांचं लाडकं काम एकच, नातीला चढावरच्या शाळेत सोडायचं. नातीला सगळे चिमणी म्हणत. पण आजोबांचा रक्तदाब वाढला, धाप लागू लागली आणि डॉक्टरबाईंनी चढ बंद केला.

"गोळ्या चालूच ठेवा," त्या म्हणाल्या, "जोडीला बीटाचा रस घेऊन पाहू. दाब उतरला तर चिमणीबरोबर पुन्हा चढावर जा."

आजोबा नेमानं रस पिऊ लागले. एके सकाळी शेजारचे मिशीवाले काका दारात आले आणि चिमणी ओरडली, "काका, बघा बघा! आजोबांनी लिपस्टिक लावलीय!"

काका पोट धरून हसले. "काय मास्तर, या वयात नटणंमुरडणं?"

आजोबाही हसले. पण त्यांच्या कानाच्या पाळ्या ओठांहून लाल झाल्या होत्या.

त्या दिवसापासून रस पिऊन झाला की ते थेट माझ्याकडे येत. माझ्यात बाटलीतलं गुळण्यांचं निळं, झणझणीत जंतुनाशक ओतत आणि जिभेवरची लाली जाईपर्यंत खळखळून गुळण्या करत. मला वाटे, कान नसला म्हणून काय झालं, मी कुणाची तरी लाज राखतोय!

पुढच्या खेपेला घरी तपासायला आलेल्या डॉक्टरबाईंनी दंडाला पट्टा बांधला आणि मान हलवली. "दाब उतरायचं नाव घेत नाही. रस घेता ना?"

"एक दिवस चुकवला नाही."

त्या हात धुवायला आल्या आणि त्यांना बाटली दिसली. "ही कधी वापरता?"

"रस प्यायल्यावर. लगेच."

"अहो आजोबा!" त्यांनी कपाळाला हात लावला. "बीटात नायट्रेट नावाचा घटक असतो. आपल्या जिभेवर बारीक जिवाणू राहतात, ते त्याचं रूप बदलतात. मग पुढे शरीरात रक्तवाहिन्या जरा सैल होतात, घट्ट बाही उसवल्यासारख्या. या गुळण्यांनी ते जिवाणूच मरतात."

आजोबा खाली बघत पुटपुटले, "म्हणजे मी रोज कापड आणलं आणि कारागिरालाच हाकलून दिलं."

"अगदी तसंच. ही बाटली बंद करा. त्यानंतरही रसाचा गुण किती येईल ते सांगता येत नाही, पण निदान त्याला संधी तरी द्या."

"मग रसच नको, बाई. लाल तोंडानं मी बाहेर पडणार नाही. लोक हसतात."

दप्तर पाठीला लावून चिमणी दारातच उभी होती. लोक म्हणजे कोण, हे तिला बरोबर कळलं. तिची मान खाली गेली. माझीही गेली असती, पण कपाला मान कुठली? ज्या गुळण्यांचा मला एवढा अभिमान, त्यांनीच आजोबांचा चढ अडवून धरला होता.

मित्रांनो, माझं एवढंच सांगणं आहे. म्हातारी माणसं माझ्यासारखीच असतात. टवका उडालेला वरून दिसतो, आत गेलेली चीर दिसत नाही. थट्टा करा, पण जरा बेतानं.

एवढ्यात चिमणीनं मला उचललं, घासूनपुसून लख्ख केलं आणि आजोबांच्या पेल्यातला अर्धा रस माझ्यात ओतला. कितीतरी वर्षांनी मी कुणाच्या ओठांना पिण्यासाठी लागलो! नाक मुरडत तिनं रस संपवला. तोंड मात्र पुसलं नाही.

"आता तुमचा घ्या, आजोबा. चढाच्या पायथ्यापर्यंत तर चला. हसले तर दोघांना हसतील."

डॉक्टरबाईंनी हळूच मान डोलावली. आजोबांनी पेला रिकामा केला. सवयीनं त्यांचा हात रुमालाकडे गेला आणि वाटेतच थांबला.

मला दाराजवळच्या टेबलावर ठेवून चिमणीनं त्यांचं बोट धरलं. बाहेर मिशीवाले काका उभेच होते. त्यांनी तोंड उघडण्याआधी चिमणीनं आपली लालभडक जीभ काढून त्यांना दाखवली.