आधी दिवे लावून बघा

टक्! भाताच्या कुकरचं बटण वर उडालं आणि दुपारची शांतता मोडली. झोळीत झोपलेल्या मुकने कूस बदलली. तिची आई रच्चनी श्वास रोखून उभी राहिली. पोरगी पुन्हा झोपली, तशी रच्चनी अनवाणी माझ्याकडे आली. लेक झोपते तेवढाच वेळ तिचा स्वतःचा.

मित्रांनो, मी एका जुन्या मोटारीचा डॅशबोर्ड आहे. थायलंडमधल्या पेत्चबुरीतल्या या घराखाली, लाकडी खांबांच्या मधोमध, आमची फिकट हिरवी गाडी उभी असते. आणि एक गोष्ट आधीच ठणकावून सांगतो : मी खोटारडा नाही.

जाड पत्रा कापून मला घडवलं. माझ्या पोटात गोल मीटर बसवले, वेगाचा, पेट्रोलचा, इंजिनाच्या उष्णतेचा. रच्चनीच्या वडिलांनी, विचियन यांनी, तरुणपणी ही गाडी घेतली आणि घरी आणण्याआधी विहारात नेली. भिक्खूंनी माझ्या उजव्या कोपऱ्यावर पांढऱ्या गंधाचे ठिपके काढले, वर सोन्याचा वर्ख दाबला. मग ताडगुळाची मडकी लादून आम्ही किती बाजार केले! विचियन शेजाऱ्यांना म्हणायचे, "बायको चुकेल, पण हा काटा चुकायचा नाही." आतून आवाज यायचा, "मग आज भातही काट्यालाच मागा!"

दर सोंग्क्रानला, नव्या वर्षाची धुणीपुसणी झाली की ते त्या वर्खावर वार्निशचा हात फिरवत. सोनं उडू नये म्हणून. तान्ह्या बाळाला काजळ घालावं इतक्या हळुवारपणे.

पुढे मात्र विचित्र घडू लागलं. संध्याकाळी दिवे लावले की माझा पेट्रोलचा काटा टुणकन उडून भरलेल्या खुणेवर जाई. विचियन निर्धास्त निघत आणि गाडी वाटेतच बंद पडे. दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा थविन लख्ख उन्हात मला बघायचा, तर काटा तळाशी.

"बाबा, टाकी रिकामी आहे. काटाही तेच सांगतोय. तुम्ही बघितलंच नसेल."

"बघितलं. भरलेला होता."

"बरं बरं. डोक्यावरचा चष्मा घरभर शोधणारे तुम्ही!"

एकदा मोठ्या रस्त्यावर, मालट्रकांच्या रांगेत गाडी थांबली. त्या रात्री थविनने किल्ली काढून घेतली. म्हाताऱ्याला विसराळू ठरवलं, मला भंगार ठरवलं. झगझगीत आकड्यांचं नवं पॅनेल मागवलं गेलं. आज ते बसवायला थविन येणार होता. तोवर मला खोलून ठेवायचं काम रच्चनीकडे होतं, म्हणून किल्ली त्याने सकाळीच गाडीला लावून ठेवली होती.

मी अंगचोर नव्हतो, मित्रांनो. मला जी वीज मिळे तिच्याइतकाच काटा मी हलवत होतो. पण डॅशबोर्डाला कोण विचारतो?

विचारलं रच्चनीने. मला नव्हे, वडिलांना. काल जेवताना ती म्हणाली, "बाबा, काटा नेमका कधी उडतो?" ते म्हणाले, "दिवे लावले की." इतका साधा प्रश्न, पण आजवर कुणी केला नव्हता.

तिने भर दुपारी दिवे लावले. काटा उडाला. दिवे मालवले. काटा खाली. मग तिने एक वायर घेतली. एक टोक गाडीच्या उघड्या लोखंडाला, दुसरं माझ्या पाठीला धरलं, आणि दिवे लावले. काटा जागचा हलला नाही! वायर काढली की उडे, लावली की गप्प बसे. मी ओरडू शकलो असतो तर बाजारापर्यंत ऐकू गेलं असतं.

विजेला यायला वाट लागते तशी परत जायलाही लागते. माझी परतीची वायर त्या वर्खाच्या कोपऱ्यातल्या स्क्रूमागे आहे. रच्चनीने हातआरसा मागे धरला. वायरच्या कडीवर मधासारखं पिवळं वार्निश थिजलं होतं. वर्षानुवर्षं झिरपून त्याने माझी वाट बुजवली होती. अडलेली दिव्यांची वीज पेट्रोलच्या मीटरमधून घुसे आणि काट्याला ढकले.

तिने सोन्याला हात लावला नाही. दुसऱ्या कोपऱ्यातून नवी वायर ओढून घट्ट आवळली.

थविन खोकं घेऊन आला. "अगं, हा डॅशबोर्ड काढला नाहीस अजून?"

"पी दादा, ते खोकं ठेव खाली. आधी दिवे लाव."

तिने पुन्हा पुन्हा दाखवलं, नव्या वायरीसकट आणि तिच्याविना. थविनने आरशात बघितलं आणि तो पुटपुटला, "म्हणजे चूक बाबांच्याच वार्निशची."

"असू दे की!" जिन्यावरून विचियन उतरत होते, कठडा चाचपत. "वार्निश माझं, काटा माझा, गाडी माझी. किल्ली तेवढी तुझी!"

मित्रांनो, एखादा काटा वेडावाकडा नाचला तर लगेच उपटून फेकू नका. त्याची वाट कुठे अडली आहे ते शोधा. मी इथेच आहे, आणि मला कुणी हलवून दाखवावं!

विचियन माझ्यासमोर वाकले. काटा दिसावा म्हणून आणखी वाकले, पार माझ्या काचेला नाक टेकेपर्यंत. त्यांच्या श्वासाने काच धुरकटली. "बरोबर आहे," ते म्हणाले, पण बोट त्यांनी पेट्रोलच्या नव्हे, उष्णतेच्या मीटरवर ठेवलं होतं. रच्चनीने ते पाहिलं. थविननेही.

थविनने किल्ली काढली आणि बहिणीच्या तळहातावर ठेवली. "तूच ठरव."

झोळी हलली. मुक डोळे चोळत आली आणि आईच्या कमरेला बिलगली. तिने सगळं अर्धवट झोपेत ऐकलं होतं.

"आई, ता आजोबा खरं बोलत होते ना? मग आता किल्ली त्यांना देणार ना?"