सकाळची कात्री, दुपारची कात्री

मी कटिंग मास्तर. फुशारकी वाटली तर वाटू दे, पण आमच्या बाजारात माझ्यासारखी कात्री चालवणारा दुसरा नाही. मी कापायचं आणि धाकट्या बहिणीने शिवायचं, ही आमची वीस वर्षांची वाटणी. शिवणीच्या आत जे जादा कापड राखतात, त्याला आम्ही माया म्हणतो. बाकीचे अर्धा इंच ठेवतात, मी पाव इंच. तेवढ्यावर निभवायला हात पक्का लागतो.

त्या सोमवारी सकाळी दहाला एक निवृत्त मुख्याध्यापिका आल्या. वारलेल्या नवऱ्याचा लोकरी कोट उसवून त्यांना स्वतःसाठी जाकीट हवं होतं. कापड मोजकंच. चुकलं तर दुसरं आणणार कुठून?

"दुपारनंतर कापतो," मी म्हणालो. बाई गेल्या.

बहिणीने मशीन थांबवलं. "दुपारनंतर का?"

"उजेड बरा असतो."

तिने खणातून एक पिशवी काढली आणि टेबलावर उलटी केली. पट्ट्याच पट्ट्या. "दोन महिन्यांच्या आहेत. तू सकाळी कापतोस त्याला पाऊण इंच माया असते, दादा. मी गुपचूप छाटते. दुपारच्या कापडाला बरोब्बर पाव इंच."

मला पत्ताच नव्हता. हात आपला आपणच सांभाळून घेत होता.

"मग? म्हणायचंय काय तुला?"

"जेवायच्या सुट्टीत तू काय घेतोस, ते म्हणायचंय."

हे मात्र झोंबलं. मी काय दारुडा आहे? दारुडे रस्त्यात पडतात, घरी मारझोड करतात. मी रोज दाढी करतो, वेळेवर दुकान उघडतो. दुपारी दोन घोट, संध्याकाळी चार, कोण घेत नाही? रागारागाने खडू उचलला आणि टाकाऊ कापडावर हातभर रेघ ओढली. रेघ दोन ठिकाणी हलली. खडू बोथट आहे म्हणालो. खडू बदलला, तरी तेच. मग टेबल डुगडुगतंय म्हणालो.

"नाचता येईना अंगण वाकडं," ती म्हणाली आणि रडायलाच लागली.

इस्त्रीच्या मागे बाटली होती. दोन घोट घेतले की रेघ सरळ येणार, याची मला पक्की खात्री होती. त्या खात्रीचीच मला भीती वाटली. एवढा मी त्या बाटलीच्या आधीन झालो होतो.

मी कात्री बहिणीच्या हातात दिली. वीस वर्षांत तिला त्या कात्रीला हात लावू दिला नव्हता. "मी खुणा सांगतो, तू काप. मग माझ्याबरोबर डॉक्टरांकडे चल."

तिने अर्धा इंच माया ठेवली. मी टोकलं नाही. कापड पुरलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, दारू मनाने एकदम बंद करू नका, रोज येऊन दाखवा, असं बजावलं.

शुक्रवारी बाईंनी जाकीट घालून पाहिलं. अंगावर बेतल्यासारखं बसलं.

"मास्तर, तुमच्या हाताला तोड नाही."

बहीण खाली मान घालून काजं करत होती. मूग गिळून गप्प बसणं सोपं होतं. पण मला लाज वाटली.

"हात हिचा आहे, बाई. माझा दारूने थरथरतो. औषध चालू आहे."

बाई आरशात बघत कॉलरवरून हात फिरवत राहिल्या.

"बोललात ते बरं केलंत," त्या म्हणाल्या. "आमच्या ह्यांना ते शेवटपर्यंत जमलं नाही."