धोंड्याचं वाण

इंझोरीच्या आवडाबाईंनी जावयाला जे दिलं, ते पंचक्रोशीत कुठल्या सासूनं दिलं नव्हतं. स्वतःची किडनी. मुकेशच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या, त्याच्या घरच्या कुणाची जुळेना, जुळली ती सासूची. आवडाबाईंनी याचा टेंभा इतका कमी मिरवला, की बाजारात त्यांच्याकडून मेथीची जुडी घेणाऱ्यालाही सगळी हकिकत फुकटात मिळायची. आणि जावईबापूंना अधिक महिन्यात, धोंड्याच्या जेवणाला, अंगठी हवी होती. किडनी काय, दिसत नाही. अंगठी चारचौघांत दिसते.

किडनीची बडदास्त मात्र मोठी. अंगानं तिला परकी समजून हाकलू नये म्हणून मुकेशला अंगाची ताकद दाबणाऱ्या गोळ्या रोज घ्याव्या लागत. डॉक्टरांनी बजावलं होतं, या गोळ्यांवर कातडीचा कॅन्सर लवकर धरतो. ऊन टाळा, नवा डाग दिसला की दाखवा. मुकेशनं त्यातलं उन्हाचं तेवढं ऐकलं. छत्री, टोपी, तोंडाला रुमाल, असा नव्या नवरीसारखा झाकून तो फिरायचा. तळपाय कोण बघतो? दिवाळीत टाचेखाली काळा ठिपका दिसला, तेव्हा आवडाबाईंनी काटा मोडला असेल म्हणून बिबा गरम करून चटका दिला. बिब्याचा डाग काळाच असतो, त्यामुळे पुढं सगळे निवांत.

या धोंड्याला जावईबापू पाटावर बसले ते तोंड फुगवूनच. ताटात अंगठी नव्हती, नुसतं शर्टाचं कापड होतं. मुलीनं, सायलीनं, पाणी ओतलं. आवडाबाईंनी परातीत त्यांचे पाय धरून टाच चोळली. पाणी लाल झालं.

“आई, कुंकू जास्त झालं वाटते,” सायली म्हणाली.

कुंकू अजून लावायचंच होतं.

आवडाबाईंनी पाय उलटा केला. ठिपका रुपयाएवढा झाला होता, कडा वेड्यावाकड्या, मधून रक्त. बिब्याचा डाग कातडीबरोबर केव्हाच निघून जातो, हे त्यांना काय ठाऊक नव्हतं? पण किडनीच्या कौतुकातून सवड मिळाली तर ना.

“सांगतलं काहून नाई?”

“दुखत नव्हतं ना, आई,” मुकेश म्हणाला.

अकोल्याला डॉक्टरांनी तुकडा तपासला. मेलानोमा, कातडीचा जहाल कॅन्सर. असल्या गोळ्यांनी दुबळ्या झालेल्या अंगात तो भराभर पसरू शकतो, म्हणाले. कापून काढू, पण अंगानं त्याच्याशी लढायला हवं, तर गोळ्या कमी कराव्या लागतील. लढायला उठलेलं अंग मग किडनीवरही उलटू शकतं. तसं झालं तर पुन्हा डायलिसिस.

सगळ्यांनी आवडाबाईंकडे पाहिलं. मालकीणबाईंची परवानगी नको का!

“तुमची किडनी वाया जाईन,” मुकेश खाली मान घालून पुटपुटला.

आवडाबाईंना रडू फुटलं. राग आला तो जावयाचा, बिब्याचा आणि सगळ्यात जास्त स्वतःचा.

“किडनी तुमच्यासाठी देली, का तुमाले किडनीसाठी ठेवलं? गेली तं जाऊ द्या तिले. डॉक्टर, करा गोळ्या कमी.” त्यांनी पदरानं नाक पुसलं. “अन् जवाईबापू, अंगठी पुढच्या धोंड्याले देईन. घ्याले या.”

पुढचा धोंडा तीन वर्षांनी. इतक्या लांबचा शब्द डॉक्टरांनीही दिला नव्हता. मुकेशनं मान डोलावली.