दुपारी दोनचा तास

संपाच्या नवव्या दिवशी गणिताच्या बाई झोपेत शिकवायला लागल्या.

आता कोणी म्हणेल, काहीतरीच काय! पण ते पहिल्यांदा ऐकलं बाईंच्या स्वतःच्या मुलीने, आणि ती थापा मारणारी पोर नव्हे. बडबडी मात्र होती. इतकी, की घरीदारी सगळे तिला टिटवीच म्हणायचे. दहावीत होती, आणि सहामाहीला गणितात शंभरात अठ्ठावीस मिळवून बसली होती. गणिताच्या बाईंची मुलगी आणि गणितात नापास! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा, असं शेजारीपाजारी म्हणायचे, तेही तिला ऐकू जाईल अशा बेताने. पास व्हायला पस्तीस लागत होते, परीक्षेला तीन आठवडे उरले होते, आणि त्रिकोणमितीचं अख्खं प्रकरण अजून व्हायचं होतं. नाही जमलं तर वर्ष वाया. टिटवी दिवसभर बडबड करायची ती या धास्तीपायीच.

शाळेला कुलूप होतं. शिक्षक रोज सकाळपासून शिक्षण खात्याच्या कचेरीसमोर बसायचे. मागण्या काही जगावेगळ्या नव्हत्या. एका वर्गात सत्तर मुलं कोंबू नका, दहा-दहा वर्षं हंगामी म्हणून राबवलेल्यांना कायम करा, पोट भरेल एवढा पगार द्या. खात्याचे साहेब वरच्या मजल्यावरून खाली बघायचे आणि पडदा ओढून घ्यायचे.

पहिल्याच दिवशी सगळ्या शिक्षकांनी आपापल्याकडचे खडू एका पत्र्याच्या डब्यात टाकले आणि डब्यावर हात ठेवून शब्द दिला. संप मिटेपर्यंत कोणालाही एक अक्षर शिकवायचं नाही. शाळेत नाही, घरी नाही, रस्त्यात नाही, पोटच्या पोरालासुद्धा नाही. कारण सरळ होतं. एकाने गुपचूप शिकवलं की दुसराही शिकवणार, ज्यांना परवडतं त्यांची मुलं शिकणार, आणि खातं म्हणणार, चाललंय की सगळं सुरळीत, कसला संप न् काय!

तिसऱ्या दिवशी टिटवी वही घेऊन आईपुढे बसली होती. "आई, हे एवढं एकच सांग ना गं."

"टिटवे, मी शब्द दिलाय."

"पण कोणाला कळणार आहे?"

"मला कळेल की," आई म्हणाली आणि उठून भांडी घासायला गेली. टिटवीला आईचा इतका राग आला की रात्री ती जेवली नाही. आईही जेवली नाही, पण ते टिटवीच्या लक्षात आलं नाही.

तर नववा दिवस. बाई सकाळपासून उन्हात बसून दुपारी घरी आल्या, पाणी प्यायल्या आणि आतल्या खोलीत चटईवर आडव्या झाल्या. बाहेरच्या खोलीत टिटवीचे बाबा शिवणाचं मशीन चालवत होते. ते शिंपी होते, घर म्हणजेच त्यांचं दुकान. खिडकीच्या पडद्यातून ऊन आत यायचं, पडदा हलला की भिंतीवर उजेड हलायचा, आणि सगळं घर पाण्याखाली गेल्यासारखं शांत व्हायचं. टिटवी आईच्या पायाशी वही मांडीवर घेऊन नुसतीच बसली होती. घड्याळात दोन वाजले.

"बसा सगळे," आई म्हणाली.

टिटवी दचकली. आईचे डोळे मिटलेले होते. श्वास संथ चालला होता.

"फळ्याकडे बघा. काल काटकोन त्रिकोण काढला होता. आज त्याच्या एका टोकाला माणूस उभा करू. हा निरीक्षक. तो मनोऱ्याच्या टोकाकडे बघतोय. त्याची नजर वर जाते, तो झाला उन्नत कोन. मागच्या बाकावर काय चाललंय?"

मागच्या बाकावर काही चाललं नव्हतं, मागे भिंत होती. पण टिटवी ताठ बसली. दोन वाजता दहावीचा तास असायचा, बारा वर्षं असायचा, आणि बाईंचं अंग तो विसरलं नव्हतं. जिथे संपाने तोडलं होतं नेमकं तिथूनच त्या पुढे निघाल्या होत्या. टिटवीने पेन उचललं. पाऊण तासाने आई गप्प झाली, कुशीवर वळली, आणि तीनला उठून म्हणाली, "आज काय मेल्यासारखी झोप लागली गं!"

टिटवी काही बोलली नाही. टिटवी! आणि बोलली नाही!

बाबांना मात्र तिने सांगितलं. बाबा हसून हसून मशीनवर कोसळले. "तुझी आई जागेपणी संपावर आणि झोपेत कामावर! खात्याला कळलं तर झोपेचाही पगार कापतील." मग हसू पुसून म्हणाले, "तिला सांगू नकोस. बिचारीला तेवढीच झोप मिळते."

गुपित पोटात राहणं टिटवीच्या स्वभावात नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने मैत्रिणीला सांगितलं. या मैत्रिणीला वर्गात लंबू म्हणायचे. वडील नाहीत, आई भाजी विकायची. शाळा बंद झाल्यावर पैसेवाल्यांच्या मुली शिकवणीला लागल्या होत्या, आणि लंबूला आईने सांगून टाकलं होतं, "शाळा नाही तर निदान गाडीवर तरी उभी राहा." लंबूच्या हाताला आठ दिवसांत कोथिंबिरीचा वास लागला होता आणि सूत्रं हळूहळू विसरायला लागली होती.

लंबू आली. मग आणखी तिघी आल्या. चपला हातात घेऊन मागच्या दाराने यायच्या आणि बाईंच्या चटईभोवती मांडी घालून बसायच्या. तो तास ज्याने पाहिला नाही त्याला सांगून पटायचं नाही. बाहेर मशीनची घरघर, आत हलता उजेड, आणि मध्ये उशीवर डोकं ठेवून, केस विस्कटलेली, एक हात छातीवर ठेवलेली बाई शांत आवाजात समुद्रकाठचं दीपगृह उभं करायची. दीपगृह नव्वद मीटर उंच. वरून जहाज दिसतंय, अवनत कोन साठ अंश. जहाज किती लांब? पोरींना जहाज दिसायचं. खरंच दिसायचं, छताच्या कोपऱ्यात, जिथे पोपडे निघाले होते तिथे.

बाई झोपेतच प्रश्न विचारायच्या आणि उत्तरासाठी थांबायच्या. एकदा त्यांनी विचारलं, "कोण सांगेल?" आणि कितीतरी वेळ काही बोलेचनात. शेवटी न राहवून लंबू पुटपुटली, "बाई, तीस मूळ तीन मीटर."

"शाब्बास," बाई झोपेत म्हणाल्या. "बस खाली."

लंबूला आजवर कोणी शाब्बास म्हटलं नव्हतं. ती बसलेलीच होती, तरी आणखी खाली बसली, आणि घरी जाताना रस्ताभर रडली.

घोळ झाला तो लंबूच्या आईमुळे. बिचारीच्या मनात वाईट काहीच नव्हतं. लेकीला गणित यायला लागलं, हिशेबात आईच्या चुका काढायला लागली, म्हणून विसाव्या दिवशी ती माउली टोपलीत ताजी भाजी भरून तडक संपाच्या जागी गेली. टिटवी तिथेच होती, आईसाठी पाणी घेऊन आली होती. लंबूची आई सगळ्या शिक्षकांच्या मधून वाट काढत आली, बाईंच्या पायाशी टोपली ठेवली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "बाई, तुमचे उपकार कसे फेडू? शाळेला कुलूप, पण तुम्ही रोज दुपारी पोरींना घरी शिकवताय. देवमाणूस हो तुम्ही!"

बाई आधी हसल्या. त्यांना वाटलं, हिचा काहीतरी गैरसमज झालाय. मग त्यांनी टिटवीकडे पाहिलं, आणि टिटवीने मान खाली घातली.

संपाच्या पुढारी होत्या इतिहासाच्या थोरल्या बाई. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. विज्ञानाचे हंगामी सर मात्र उभे राहिले. "बाई, माझी सख्खी भाची वही घेऊन दारात आली होती. मी तिला परत पाठवलं. बहीण माझ्याशी बोलत नाही. आणि तुम्ही…"

"मी शिकवलं नाही हो," बाई म्हणाल्या.

"झोपेत," टिटवी कशीबशी म्हणाली. "ती झोपेत शिकवते. तिला माहीत नाही."

कोणीतरी हसलं. चित्रकलेचे सर म्हणाले, "वा! हे बरंय. उद्यापासून आम्हीही झोपतो." बाई उठल्या, भाजीची टोपली लंबूच्या आईच्या हातात परत दिली आणि घराकडे चालायला लागल्या.

घरी येऊन म्हणाल्या, "किती दिवस?"

"अकरा."

"वही आण."

टिटवीने वही दिली. आई उभ्याउभ्याच वाचत गेली. सगळी तिचीच वाक्यं होती, मागच्या बाकावरच्या पोरांना घातलेल्या शिव्यांसकट. एका पानावर टिटवीने साठ अंशांच्या जागी तीस लिहिले होते. आईचं बोट तिथे थांबलं, हात टेबलावरच्या पेन्सिलीकडे गेला, आणि अर्ध्या वाटेवरून मागे आला. तिने वही मिटली.

"मी शब्द दिला होता गं," ती म्हणाली. "तू मला खोटं पाडलंस. माझ्या नकळत पाडलंस." आणि तोंडाला पदर लावून रडली. टिटवीने आईला रडताना कधी पाहिलंच नव्हतं.

त्या दिवसापासून आई दुपारी झोपेना. भिंतीला टेकून बसायची, दोन वाजले की तोंडावर पाणी मारायची. डोळे लाल झाले, चालताना तोल जायला लागला. बाबा म्हणाले, "अगं, जिवावर उदार होऊन कसला संप करतेस? दार लावून घेऊ, झोप." ती म्हणाली, "दाराआड टिटवी असतेच की."

"मी नाही ऐकणार आई," टिटवी म्हणाली. "शप्पथ."

"तू नाही ऐकणार हे तू सांगतेस. मी तरी बोलणार नव्हते ना?"

चौथ्या दुपारी मात्र शरीराने दगा दिलाच. आई बसल्या जागी कलंडली. टिटवीने तिच्या डोक्याखाली उशी सरकवली आणि बाजूला बसून राहिली. परीक्षेला सहा दिवस होते. मागच्या दारात लंबू वही छातीशी धरून उभी होती, टिटवीला तिला आत ये म्हणायचीही हिंमत नव्हती आणि जा म्हणायचीही.

दोन वाजले.

"आज शेवटचा प्रकार," आई म्हणाली. "याने भलेभले रडतात. निरीक्षक मनोऱ्याकडे बघतोय, उन्नत कोन तीस अंश. आता तो मनोऱ्याच्या दिशेने वीस मीटर चालत जातो. पुन्हा बघतो. कोन साठ अंश. मनोरा किती उंच? घाबरू नका. दोन त्रिकोण काढा. पहिल्या त्रिकोणाचं समीकरण लिहा. आता दुसरं लिहायच्या आधी बघा, या दोन्हींमध्ये…"

हेच! हेच तर टिटवीला कधी जमत नव्हतं. दोन्हींमध्ये काय? तिचं सगळं अंग कान झालं होतं. आणखी एक वाक्य. फार तर दोन. कोणाला कळणार आहे?

तिने आईच्या खांद्यावर हात ठेवला आणि हलवलं. "आई, ऊठ. तू शिकवते आहेस."

आईने डोळे उघडले. कितीतरी वेळ ती लेकीकडे नुसती बघत राहिली, जणू आपण कुठल्या गावाला आलोय ते तिला कळत नव्हतं. मग तिने टिटवीचा हात आपल्या गालाखाली घेतला आणि पुन्हा झोपली. मागच्या दारातून लंबू निघून गेली.

मग रोज तसंच. आई झोपायची, टिटवी पहारा करायची. दोन वाजता आई बोलू लागली की टिटवी तिला हलवायची. आई वळायची, पुन्हा झोपायची, पुन्हा तिथूनच सुरू करायची, आणि टिटवी पुन्हा हलवायची. त्या सहा दिवसांत निरीक्षक मनोऱ्याकडे किती वेळा चालत गेला, त्याची गणती नाही.

परीक्षा झाली. खात्याने कुठून कुठून कारकून आणून वर्गांत उभे केले. शेवटचा प्रश्न चार गुणांचा होता. मनोरा होता, माणूस होता, तो चालत होता. टिटवीने दोन त्रिकोण काढले. पहिलं समीकरण लिहिलं. आणि बाकीचा सगळा वेळ त्या समीकरणाखालच्या कोऱ्या जागेकडे बघत बसली. बाहेर आल्यावर तिने मनातल्या मनात बेरीज केली. पुन्हा केली. तेहतीस होत होते, फार तर चौतीस. लंबूशी नजरानजर झाली. लंबूने नुसती नकारार्थी मान हलवली आणि आईच्या गाडीकडे गेली.

संप मिटला तो त्यानंतर चार दिवसांनी. अर्ध्या मागण्या मान्य, अर्ध्यांसाठी समिती. हंगामी सर कायम झाले आणि रस्त्यातच लहान मुलासारखे नाचले. बाई संध्याकाळी घरी आल्या, चपला काढल्या, पदर खोचला.

"टिटवे, वही आण. शेवटचं गणित कुठवर आलं होतं?"

"पहिल्या समीकरणापर्यंत."

"पुढचं का नाही केलंस?"

"तिथे मी तुला उठवायचे."

आई खाली बसली आणि तिने लेकीला जवळ ओढलं.

"आता काय उपयोग, आई? पेपर होऊन गेला."

"बस म्हणते ना." तिने मनोरा काढला, माणूस काढला, दोन त्रिकोण काढले. "आता बघ. माणूस चालतोय. मनोरा चालतोय का?"

"नाही."

"मग दोन्ही त्रिकोणांत तीच उंची. दोन्ही सारख्या मांड आणि सोडव."

टिटवीने मांडलं. तीन ओळींत उत्तर आलं, दहा मूळ तीन. दोन मिनिटंही लागली नाहीत. ती त्या तीन ओळींकडे बघत राहिली.

"एवढंच होतं?" ती म्हणाली. "आई, एवढंच होतं?"

"एवढंच होतं गं," आई म्हणाली, आणि दोघी वहीवर डोकं टेकून रडल्या.