दगडाबाईच्या नावातली जास्तीची काडी

मी एक जुना रिटचिंगचा ब्रश हाय, मित्रांनो. आधीच सांगून ठेवतो, माझ्यावर भरवसा ठेवू नका. घरातल्या जुन्या फोटोत तुमच्या आज्याच्या गालावरचे देवीचे व्रण दिसत नसतील, नवरीकडची मावशी दुधावरच्या सायीसारखी गुळगुळीत दिसत असंल, तर समजा की तिथून माझ्या भावकीतलं कुणीतरी जाऊन आलंय.

माझी दांडी साध्या लाकडाची, पण केस खारीच्या शेपटीचे. खारीची जात तुम्ही बघितलीच असंल. शेंगदाणा खाईल, पण खाता खाता चारदा मागं वळून बघंल. तो शक माझ्यात उतरला, तो आजपर्यंत गेला नाय. मी पैठण गेटजवळच्या पुंडलिकच्या फोटो स्टुडिओत आलो, तवा या शहराला औरंगाबाद म्हणत. आता छत्रपती संभाजीनगर म्हणतात. या गावात नावाची गोष्ट काढली की हातातला चहा थंड झालाच म्हणून समजा. माझी गोष्टबी नावाचीच हाय.

तुम्ही आज मोबाइलवर बोट फिरवता अन् तोंडावरची पुटकुळी गायब. कोणतं ॲप चांगलं यावर भांडताबी. आमच्या टेबलावर हेच भांडण होतं, फक्त भांडणारे निराळे. पेन्सिल म्हणजे मोठी बेरकी. ती फोटोला हातच लावायची नाय, निगेटिव्हवर बारीक टोक फिरवायची. वरून निगेटिव्ह उजेडासमोर धरल्याशिवाय तिची चोरी पकडताबी यायची नाय. ब्लेड म्हणजे सरळ गुंड. फोटोवर काळं दिसलं की खरवडलंच. जरा जोर जास्त झाला की खालचा कागद उघडा. रंगाच्या वड्या म्हणजे खुशामतखोर, बाईच्या ओठाला लाली अन् बाप्याच्या फेट्याला गुलाबी, विचारायचंच काम नाय. अन् मी? मला काढता येत नाय, मित्रांनो, मला फक्त भरता येतं. पांढरा डाग असला की त्याच्या शेजारचा रंग बघायचा, तसाच थेंब करायचा अन् टेकवायचा. पण खरं सांगू का, ब्लेडनं केलेली जखम झाकायला मलाच बोलवायचे. मारणारा एक अन् सारवासारव करणारा दुसरा.

त्या दिवसांत काम लई होतं. चिकलठाण्याला, वाळूजला, चितेगावला कंपन्या उभ्या राहत होत्या. काल जो गडी मेंढरामागं होता, तो आज गेटपासासाठी फोटो काढायला कोट मागायचा. दुकानात एकच कोट होता. शहरातले अर्धे कामगार त्या एका कोटात मावले असतील. "पुंडलिकचा हात म्हणजे हात हाय," असं लोक म्हणायचे. हात त्याचा अन् केस माझे झडायचे, पण ते असू द्या.

पुंडलिकबद्दल एक सांगायला पाहिजे. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला अन् मराठवाडा पेटला, त्या साली गावाकडचं त्याचं घर जळालं. गावातल्याच लोकांनी जाळलं. तो शहरात आला, दुकान काढलं, भिंतीवर बुद्धाची तसबीर लावली. तेव्हापासून कुणी हळू आवाजात बोललं की त्याचे कान उभे राहायचे. विद्यापीठाला नाव अजून लागलेलं नव्हतं. मोर्चे निघायचे, धरणं बसायचं, अधूनमधून बाजारपेठ बंद व्हायची. दुकानाचं शटर तो कधी पूर्ण उघडायचा नाय.

अशाच एका दिवशी साहेबराव आला. चितेगावच्या कंपनीत स्टोअरला होता. फोटोचा लई शौक, गळ्यात जुना कॅमेरा. त्यानं काउंटरवर कोपर टेकलं, मागं रस्त्याकडं बघितलं अन् आवाज खाली आणून म्हणाला, "नाव पुसायचंय. बोभाटा नको."

पुंडलिकचा हात थांबला. मी त्याच हातात होतो.

"कुणाचं नाव?"

"हाय एक. लोकांच्या डोळ्यात येतंय."

"आजच येतंय का?"

"पहिल्यापासूनच. पण आता मोठ्या लोकांपुढं जायचंय, तवा नको वाटतंय."

पुंडलिकनं मला टेबलावर ठेवलं. लई शांतपणानं म्हणाला, "भाऊ, नाव पुसणारे आम्ही पुष्कळ बघितले. त्यांनी घरंबी पुसली. तुम्ही दुसरं दुकान बघा."

साहेबराव गोंधळला. "घरं? आवो कामून चिडता? माझ्या मायच्या हातावरचं गोंदण हाय ते."

त्यानं पिशवीतून मोठा फोटो काढून काउंटरवर ठेवला. पाचोडच्या रानात एक म्हातारी मेंढराचं पिल्लू कवेत घेऊन उभी. वरचा हात पुढं आलेला, अन् त्या हातावर हिरवट काळं गोंदलेलं, 'दगडबाई'. गोंदणारणीनं काना खाल्लेला. म्हातारीचं खरं नाव दगडाबाई.

पुंडलिकनं श्वास सोडला. मग दोघं हसले, चहा आला. साहेबरावनं सांगितलं की कंपनीत फोटोचं प्रदर्शन हाय, सगळे साहेब लोक येणार. फोटो झकास आलाय, पण लोक आधी हातच वाचणार अन् मग त्याला दगडाबाईचा म्हणून चिडवणार. कोणत्या अवजारानं काम होईल ते सांगा, मी स्वतःच्या हातानं करतो, हौसच हाय.

पुंडलिकनं सगळी अवजारं पुढं मांडली अन् एकेकाचे गुण सांगितले. पेन्सिल सुरक्षित, पण शिकायला दिवस जातात. ब्लेडनं लवकर होतं, पण मागं फिरता येत नाय. ब्लेड मारलं तर ब्रशबी लागतोच. साहेबरावला घाई होती. त्यानं ब्लेड उचललं अन् मला.

पुंडलिकचा शक गेला, पण माझा गेला नव्हता. आपल्या मायचं नाव पुसताना माणूस शीळ कशाला घालतो? ब्लेड चर्र चर्र करत एकेक अक्षर खात गेलं. हातावर पांढरे ओरखडे उठले. मग मला रंगात बुडवलं अन् मी मुकाट ते भरत गेलो. हात कोरा झाला. शिकाऊ माणसाच्या मानानं काम झकास, कुणाला पत्ता लागला नसता.

दुसऱ्या दिवशी फोटोला फ्रेम करून न्यायला साहेबराव आला, तो मायला घेऊनच. पाचोडची यष्टी पैठण गेटलाच उतरवून गेली होती, बिचारीला लेकाचं कौतुक बघायचं होतं. दगडाबाईला वाचता येत नव्हतं. तिनं फोटोतलं तोंड बघितलंच नाय. आधी पिल्लू बघितलं, ते ओळखलं. मग हात बघितला. मग स्वतःचा हात फोटोशेजारी ठेवला.

"ही कोण बाई हाय?" तिनं विचारलं.

साहेबराव म्हणाला, "माय, तूच की."

"मी नाय. माझ्या हातावर खूण हाय."

साहेबराव इकडं तिकडं बघायला लागला. ते जरा साफ केलंय, असं पुटपुटला. म्हातारी खाली बाकड्यावर बसली. तिच्या आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून बापानं तिचं नाव दगडा ठेवलं. यम आला तर त्याला वाटावं, इथं पोर कुठं हाय, दगड पडलाय. अन् त्याला अंधारातबी वाचता यावं म्हणून हातावर गोंदलं. आहे की नाय झकास फसवाफसवी? साक्षात यमाला टोपी घालणारी माणसं. मी जन्मात एवढी मोठी गंमत केली नाय.

"केरबा," ती म्हणाली, "खूण पुसलेलं मेंढरू कुणाचं असतंय? ज्याच्या हाताला लागंल त्याचं. तू मला उघडं पाडलंस, लेका."

पुंडलिकनं भुवई वर केली. "केरबा कोण?"

"हाच की. ह्याच्या आधीचे दोन गेले. केर म्हणून टाकून दिल्यासारखं नाव ठेवलं, तवा हा राहिला."

साहेबराव नाव त्यानं कंपनीत लागताना स्वतःच घेतलेलं. कान लाल झाले गड्याचे. दुसरा फोटो छापून देतो, असं पुंडलिकनं म्हातारीला सांगून बघितलं. ती म्हणाली, मग ही बिननावाची बाई कुठं फिरंल? फाडून टाकू, असं साहेबराव म्हणाला. "मला फाडतो?" एवढंच तिनं विचारलं. हातावर पदर घेतला अन् बसून राहिली. नाव लागल्याशिवाय उठायची नाय, पाणीबी प्यायची नाय अन् लेकाच्या घरीबी यायची नाय.

शहरात नावासाठी धरणं चाललं होतं अन् आता आमच्या दुकानातबी एक. पुंडलिक तोंडावर हात धरून हसला. मग त्याची नजर अर्ध्याच उघडलेल्या शटरकडं गेली. नावावाचून माणूस कसा उघडा पडतो, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यानं मला उचललं अन् साहेबरावच्या हातात दिलं. "तुम्ही पुसलं, तुम्हीच भरा."

साहेबरावनं मला रंगात असं गचकन बुडवलं की मला वाटलं, दगडाबाईच्या जागी वेगळंच काहीतरी लिहून बसंल. म्हातारीनं पदर काढून हात टेबलावर पसरला, तो बघून बघून लिहीत गेला. काळ्या रंगात मी एकेक अक्षर उभं केलं. सवयीनं त्याच्या हातानं 'ग'च्या पुढचा 'ड' लिहिला अन् काना दिला, शाळेत शिकवतात तसं, 'दगडाबाई'.

म्हातारीनं हातावर बोट फिरवलं, फोटोवर बोट फिरवलं. थांबली. "ही एक काडी जास्तीची हाय."

साहेबरावनं घाईनं ब्लेडकडं हात नेला. तिनं त्याचं मनगट धरलं.

"राहू दे. यमाला चकवायला एक काडी जास्तीच बरी."

मग तिनं पाणी मागितलं.

फोटो प्रदर्शनात लागला. खाली फोटो काढणाऱ्याचं नाव होतं, 'केरबा ऊर्फ साहेबराव'. कंपनीत पोरं चिडवायची ती चिडवलीच, ती कुठं सोडतात? पण आता तोबी उलट चिडवायला शिकला. रोल धुवायला दुकानात आला की आधी मला उचलून केस नीट करायचा. लाजत असावा माझ्यापुढं.

पुढं कित्येक वर्षांनी, संक्रांतीच्या दिवशी, विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं. जुनं 'मराठवाडा' हे नाव तसंच राहिलं अन् त्याच्या आधी बाबासाहेबांचं आलं. पुंडलिकनं जिलबी वाटली. मागितलं होतं ते सगळं नाय मिळालं, असं म्हणाला, डोळे पुसले अन् शटर पार वरपर्यंत उचललं. त्या शटरचा तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. दगडाबाई जिवंत होती, यमाला अजून पत्ता लागला नव्हता. तिळगूळ घेऊन आली होती. तिनं एकच विचारलं, "कुणाचं पुसलं तर नाय ना?"

आता माझे केस झडले. कॉम्प्युटर आले तवा पुंडलिकनं मला साहेबरावला देऊन टाकलं, अन् मी त्याच्या कॅमेऱ्याच्या रिकाम्या डब्यात पडून हाय. मित्रांनो, फोटोवरची धूळ खुशाल काढा. पण माणसावरची खूण दिसली, चट्टा, गोंदण, वाकडा दात, तर बोट फिरवायच्या आधी त्या माणसाला विचारा. ती खूण कशाची राखण करत बसलीय, तुम्हाला काय माहीत? अन् डब्यातल्या जुन्या ब्रशला वर्षातून एकदा ऊन दाखवा.

पाचोडला गेलात अन् एखाद्या घराच्या भिंतीवर मेंढराचं पिल्लू कवेत घेतलेल्या म्हातारीचा फोटो दिसला, तर हातावरचा काना तेवढा बघून या. त्या दिवसांत लोकांनी काड्या लई लावल्या. मीबी एक लावली. पण माझ्या काडीनं कुणाचं घर जळालं नाय.