झोपलेत, उठवू नका

मी खुर्ची बोलतेय. साधीसुधी नव्हे हं, विमानातली. आणि विमानातही पार पुढची, फर्स्ट क्लासमधली, खिडकीजवळची. आज माझ्या हातावरचं कातडं फाटलंय, एक बाजू लुळी पडलीय, आणि गोदामातल्या धुळीखाली माझा मूळ रंग कोणता होता ते मलाही धड आठवत नाही. पण एके काळी माझा थाट होता, आणि तो ऐकवल्याशिवाय मी तुम्हाला पुढचं काही सांगणार नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. जन्मल्या जन्मल्या कुणी माझं कौतुक केलं नाही. अंगावर वाळूची पोती टाकली, गदागदा हलवलं, वरून आपटलं. माझ्या एका बहिणीला तर पेटवून पाहिलं, किती वेळात जळते ते बघायला. ती बिचारी एकदाही उडाली नाही. मी मात्र पास झाले. तिथला मिस्त्री माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "हिच्यावर झोपलेला माणूस घर विसरला पाहिजे."

मला कमरेइतक्या भिंती होत्या, सरकतं दार होतं, घड्याळ-चष्मा ठेवायला मखमल लावलेला कप्पा होता. एक बटण दाबलं की मी सपाट आडवी होऊन बिछाना व्हायचे. दुसरं दाबलं की माझी पाठ हळूहळू गरम व्हायची. समोर एक गुबगुबीत स्टूल. एरवी ते पाय ठेवायला, पण त्यालाही पट्टा होता, म्हणजे बरोबरच्या माणसाला समोर बसून जेवता यावं. आणि दाराबाहेर एक छोटा दिवा. तो लागला की त्यावर अक्षरं उमटायची, 'झोपलेत, उठवू नका'.

किती माणसं पाहिली म्हणून सांगू! आल्या आल्या प्रत्येक बटण दाबून बघायचं, मग स्वतःचा फोटो काढायचा. ज्यांना अख्खं दुकान विकत घेता येईल असे लोक साबणाची चिमुकली बाटली गुपचूप बॅगेत टाकायचे. एक बाई पर्स पोटाशी बांधून झोपायच्या. एक गृहस्थ विनोदी सिनेमा बघताना हमसून हमसून रडले आणि नंतर वर तोंड करून म्हणाले, सर्दी झालीय. या सगळ्यांचं मागणं मात्र एकच असायचं. आम्हाला कुणी त्रास देऊ नका. शेजारच्या खुर्चीत कोण आहे, जिवंत आहे की मेलंय, याच्याशी कुणाला देणंघेणं नसायचं.

हे मी बोलायचं म्हणून बोलत नाहीये. एकदा खरंच तसं झालं.

भर दिवसाचं उड्डाण होतं. बाहेर डोळे दिपवणारं ऊन, आणि आत सगळ्या झडपा ओढून केलेली रात्र. लांबच्या प्रवासात असंच करतात. माणसं झोपलेली बरी, मागण्या कमी होतात. त्या खेपेला मी रिकामीच होते.

अचानक मागचा पडदा सरला आणि चौघांनी एका म्हाताऱ्याला चादरीत उचलून आणलं. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, शर्टाची बटणं तुटलेली, एका पायात मोजा आणि दुसरा पाय उघडा. मागच्या टॉयलेटपाशी पाय मोकळे करायला म्हणून उभे होते, तिथेच कोसळले. हवाई सुंदऱ्यांनी खाली गुडघे टेकून त्यांची छाती दाबली, दाबली, हात गळून जाईपर्यंत दाबली. शेवटी रेडिओवरून जमिनीवरचा डॉक्टर म्हणाला, थांबा आता.

त्यांना माझ्यावर आडवं केलं. मला पाठीतून माणूस कळतो. कुणी कितीही गाढ झोपलेला असो, त्याच्या श्वासाबरोबर मी थोडी खालीवर होत असते. यांच्याखाली मी जराही हलले नाही. माझ्या सगळ्या गाद्यागिरद्यांमध्ये तेव्हा पहिल्यांदा भीती शिरली.

हवाई सुंदऱ्यांमधली जी सगळ्यात नवी होती तिला आपण धाकटी म्हणू. तिने सवयीने सगळं केलं. गादी अंथरली, उशी थापटली, दुलईचा कोपरा दुमडला, आणि जाता जाता ते बटणही दाबलं, पाठ गरम करायचं. हात आपोआप गेला तिचा. रोज ती दहा जणांचे बिछाने घालायची.

"मास्क राहू दे तोंडावर," मोठ्या बाई म्हणाल्या. त्या या सगळ्या मुलींच्या प्रमुख, कानशिलावरचे केस पांढरे झालेल्या.

"बाई, पण ते तर..."

"तो शब्द उच्चारायचा नाही. आजारी प्रवासी म्हणायचं. आराम करताहेत म्हणायचं."

विमानातला नियमच तसा आहे. वर आभाळात कुणी मेलं असं म्हणायचा अधिकार कुणालाच नाही. तो खाली उतरल्यावर डॉक्टरचा. तोपर्यंत माणूस फक्त आजारी. मोठ्या बाईंनी दार सरकवलं आणि बाहेरचा दिवा लावला.

पलीकडच्या खुर्चीतल्या गृहस्थांनी बेल वाजवली. "हे काय चाललंय? मागच्या लोकांना पुढे आणून झोपवायला लागलात का? आणि तेही अशा अवतारात?"

"त्यांना बरं नाहीये, सर."

"मग दवाखान्यात न्या." असं म्हणून त्यांनी मधली भिंत वर ओढली आणि सिनेमा लावला. थोड्या वेळाने त्यांचं हसणं ऐकू आलं.

म्हाताऱ्याची बायको मागे होती, खिडकीला डोकं टेकून झोपलेली. तिच्या शेजारूनच तिच्या नवऱ्याला उचलून आणलं आणि तिला पत्ता नव्हता. जाग आल्यावर शेजारची जागा रिकामी बघून ती घाबरली. धाकटीने तिला ठरवून दिलेलं वाक्य सांगितलं. आजोबांना जरा बरं वाटत नव्हतं, पुढे मोठ्या बिछान्यावर झोपवलंय, आराम करताहेत, तुम्ही इथेच बसा.

आणि आजीने त्यावर विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? उलट तिला बरंच वाटलं. धाकटी परत आली तेव्हा तिच्या हातात चष्म्याचं घर होतं. "उठल्यावर शोधतील म्हणून दिलंय," ती मोठ्या बाईंना म्हणाली. मखमलीच्या कप्प्यात तिने ते ठेवलं.

मग स्वेटर आला. मग रक्तदाबाची गोळी आली, बरोबर निरोप, उपाशीपोटी देऊ नका, दोन घास भरवून द्या. धाकटीने गोळी मुठीत धरली आणि ती माझ्या दाराशी तशीच उभी राहिली.

"मला नाही जमत हे," ती म्हणाली. "ती बाई माझे आभार मानतेय. म्हणते, तुम्ही माझ्या पोटच्या पोरीसारखं करताय. त्यांची मुलगी विमानतळावर घ्यायला येणारेय. किती वर्षांनी भेट! आणि मी खोटं बोलून गोळ्या गोळा करतेय."

"मी काय करू सांग," मोठ्या बाई हळू आवाजात म्हणाल्या. "तिने मागे हंबरडा फोडला तर? तीनशे माणसं आहेत. आणि मी कोण सांगणारी? मी 'ते गेले' म्हणायचं आणि खाली डॉक्टरने वेगळंच काही सांगायचं?"

"तुम्हाला तसं वाटतं?"

मोठ्या बाई पुढे वाकल्या. त्यांनी म्हाताऱ्याच्या कपाळावरचे केस मागे सारले.

"उतरायला लागलं की त्यांना सरळ बसवून पट्टा बांधावा लागेल," धाकटी म्हणाली. "ते आपण परक्यांनीच करायचं का? बायको दहा पावलांवर असताना?"

मागचा प्रवासी पडद्याच्या अलीकडे येत नाही, हाही नियमच. मला वाटलं, आता त्या तो ऐकवणार. पण मोठ्या बाई माझ्या समोरच्या स्टुलाकडे बघत होत्या. "याला पट्टा आहे," त्या म्हणाल्या. "पुढच्या प्रवाशाचं बरोबरचं माणूस इथे बसू शकतं. घेऊन ये त्यांना."

आजी आली. ठेंगणीशी, पायात विमानातल्या फुकटच्या चपला. आत शिरल्याबरोबर तिचे डोळेच विस्फारले. "अगं बाई! हे इथे असे राजासारखे पडलेत होय!" ती स्टुलावर बसली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "झोपू दे. उठवत नाही मी."

धाकटीला बोलायचं होतं. पण आजीने तिला संधीच दिली नाही.

"आयुष्यभर बस चालवली हो यांनी," आजी तिला सांगू लागली. "लांब पल्ल्याची. लोक मागे घोरायचे आणि हे डोळ्यांत तेल घालून जागे. एकदा ताप होता, मी म्हटलं जाऊ नका. म्हणाले, अर्ध्या वाटेत गाडी सोडून उतरलोय का कधी? आज पहिल्यांदा कुणीतरी यांना झोपवून नेतंय." तिने दुलईखाली हात घालून त्यांच्या खांद्यामागे लावला. "अंग चांगलं गरम आहे की. मला उगीच धास्ती वाटत होती."

ती ऊब माझी होती. मला ओरडून सांगावंसं वाटलं, बाई, ती माझी आहे, बटणाची आहे, त्यांची नाही. खुर्चीच्या जन्माला आल्याचं मला इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं.

आजीने दुलई सारखी करायला पायाकडे हात नेला. "आणि हा एक मोजा कुठे घालवला? यांचं हे नेहमीचंच..." तिचा हात त्या उघड्या पावलावर पडला आणि तिथेच राहिला. पावलाखाली माझी ऊब पोचत नव्हती.

तिने दोन्ही हातांत पाऊल धरलं. चोळलं. पुन्हा चोळलं. मग थांबली.

"कधी?" तिने विचारलं.

"आजी, मला ते सांगता येत नाही."

"माहीत नाही म्हणून, की बोलायची परवानगी नाही म्हणून?"

धाकटीने मान खाली घातली. "परवानगी नाही."

"आणि मी गोळ्या पाठवत बसले," आजी म्हणाली. धाकटीने खिशातून गोळी काढून तिच्या तळहातावर ठेवली आणि ती तिथेच, त्या महागड्या गालिच्यावर, आजीच्या पायाशी बसून रडायला लागली. रडली ती धाकटीच. आजीने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "तू कशाला रडतेस, बाळ. तुला नोकरी सांभाळायची आहे."

विमान उतरणीला लागलं. झडपा उघडल्या आणि ऊन भस्सकन आत आलं. आजीने आणि मोठ्या बाईंनी मिळून त्यांना धरलं, धाकटीने बटण दाबलं, आणि मी हळूहळू सरळ झाले. मेलेल्या माणसाला उठवून बसवताना मला स्वतःची लाज वाटत होती. आजीने त्यांना स्वेटर घातला, तुटलेल्या बटणांचा शर्ट झाकला, बोटांनी भांग पाडला. मग स्टुलावर बसून तिने पट्टा लावून घेतला आणि त्यांचा हात हातात धरला. "अहो," ती म्हणाली, "लेक आली असेल हो बाहेर. नीट बसा." आणि तेव्हा मात्र तिचा बांध फुटला.

पलीकडचे गृहस्थ उतरताना माझ्या दाराशी क्षणभर थबकले. काय प्रकार आहे ते त्यांना कळलं असावं. त्यांनी नजर वळवली आणि भराभर चालू लागले.

सगळे उतरल्यावर डॉक्टर आला. तरुण, घाईत असलेला. त्याने नाडी पाहिली, डोळ्यांत टॉर्च मारला, मनगटावरचं घड्याळ बघून वेळ पुटपुटला.

"ही कसली वेळ?" आजीने विचारलं.

"ते गेल्याची, आजी. मी तपासलं, तीच धरायची असते."

"म्हणजे विमान उतरल्यानंतरची?"

"हो. कागदोपत्री तसंच."

आजी बराच वेळ नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिली. "म्हणजे पोचले हे," ती म्हणाली. "लेकीला तसंच सांगते मी. बाबा तुझ्या गावात पोचले, मगच गेले."

 डॉक्टरने मग घाई केली नाही.

त्यांना नेलं. माझं कव्हर बदललं, माझ्यावर सुवासिक पाण्याचा फवारा मारला, आणि परतीच्या उड्डाणाला दुसरे एक गृहस्थ माझ्यावर झोपले. उतरताना म्हणाले, इतकी छान झोप बऱ्याच दिवसांत लागली नव्हती.

धाकटी त्यानंतरही माझ्यावर बिछाने घालायची. पण तिला एक खोड लागली. येता जाता झोपलेल्यांच्या पावलांना ती हळूच हात लावून बघायची. कुणी दचकायचं, कुणी ओरडायचं. तक्रारी गेल्या. मग तिची पाळी मागे लावली, आणि पुढे ती मला दिसली नाही. मोठ्या बाई निवृत्त झाल्या असं ऐकलं.

मग नव्या फॅशनच्या खुर्च्या आल्या आणि आम्हाला उपटून काढलं. आता मी या गोदामात एका भिंतीला टेकून पडलेय. एखाद्या दिवशी कुणी कातडं सोलून नेईल, लोखंड वितळवेल. त्याचं मला काही वाटत नाही, माझं वय झालंच आहे.

तुम्हाला मात्र एक विनवणी करते. कधी कुणी गोड आवाजात तुम्हाला सांगितलं, की तुमचं माणूस आत आराम करतंय, छान झोपलंय, तुम्ही इथेच बसा, तर बसू नका. सांगणारा वाईट असेलच असं नाही. तरीही उठा, पडदा बाजूला करा, आत जा आणि त्याचं पाऊल हातात घ्या. पाठीला हात लावून परत फिरू नका. तिथली ऊब माझी असू शकते.