पुलापलीकडे लवकरच

दातांच्या डॉक्टरीणबाई आणि त्यांची वहिनी रोज जेवणं आटोपली की एक व्हिडिओ गेम खेळायच्या. तो तयार होण्याआधीच दोघींनी हौसेनं वर्गणी भरली होती. त्यातलं भुयारी शहर झकास होतं, पण नदीवरचा पूल निम्म्यातच संपायचा आणि पाटी झळकायची, ‘पुढचा भाग लवकरच’. हे लवकरच गेली सहा वर्षं चाललं होतं.

एके सकाळी एक दाढीवाला गाल धरून दवाखान्यात आला. भुलीचं इंजेक्शन देता देता बाईंनी सहज विचारलं, "काय करता आपण?"

"गेम बनवतो," म्हणत त्यानं ऐटीत त्याच गेमचं नाव सांगितलं. बाईंच्या तोंडावर मास्क होता म्हणून बरं.

कीड कोरून झाल्यावर त्यांनी दाढेत कापसाचा बोळा ठेवला आणि शांतपणे हातमोजे काढले.

"झालं?" त्यानं बधिर जिभेनं विचारलं.

"सध्या एवढंच. बाकीचं लवकरच."

"लवकल म्हंजे?"

"आमची टीम जीव तोडून काम करतेय. धीर धरल्याबद्दल आभार."

मदतनीस ताई भिंतीकडे तोंड करून खुदखुदली. दाढीवाल्याच्या डोक्यात प्रकाश पडला. त्याचे कान लाल झाले.

"तुमी पुलावल अडकलात?"

"मी आणि माझी वहिनी!"

मग त्यानं खरं काय ते सांगितलं. त्याच्या भागीदाराला पूल शाबूत हवा होता, त्याला स्वतःला तो कोसळायला हवा होता. दोघांनी अबोला धरला होता.

"आणि तुमच्या रुसव्यापायी आम्ही काठावर ताटकळायचं? लावा फोन. आत्ता!"

त्यानं खुर्चीतूनच फोन लावला. बधिर तोंडातून नुसतं "हं... पूऽल... मी..." एवढंच बाहेर पडत होतं. पलीकडे भागीदार गडबडला. याला हुंदके आवरत नाहीत, असंच त्याला वाटलं.

"अरे, रडू नकोस रे! पाड तुझा पूल!"

बाईंनी हसू दाबत दाढ नीट भरून दिली.

पुढच्या महिन्यात पूल पूर्ण झाला. नणंद-भावजय जीव मुठीत धरून पलीकडे पोचल्या, मागे पूल धाडकन कोसळला. समोर करडं धुकं आणि पाटी, ‘पुढचा भाग लवकरच’.

परतायचीही सोय उरली नव्हती. वहिनीनं कपाळावर हात मारून नणंदेला विचारलं,

"काय गं, त्या भागीदाराचे दात कसे आहेत?"